नवसाचा सिनेमा

प्रेक्षकांची तोंडं मी फारशी पाहिलेली नाहीत. हयात त्यांच्या पाठी बघण्यात गेली. उघड्या मैदानात समोर पडदा, पुढे चटया टाकून बसलेले लोक, त्यांच्या मागे आमची गाडी, गाडीत प्रोजेक्टर आणि प्रोजेक्टरला खेटून माईक धरलेली मी. पडद्यावरचे लोक परक्या भाषेत तोंड हलवतात आणि त्यांना बोलायला लावते मी, तिथल्या तिथं, गावाच्या पुढ्यात. नायिका मी, तिची सासू मी, घोडा खिंकाळला तर तोही मीच. हसणारी पाठ कशी हलते, रडणारी कशी आखडते आणि कंटाळलेला माणूस मान कुठं खाजवतो, हे मला विचारा. तोंडं खोटं बोलतात, पाठींना ते अजून जमलेलं नाही.

बान नोंगसिम या गावाच्या पाठी मात्र मला हसवायच्या नव्हत्या. मोडायच्या होत्या. उगाच गोड बोलण्यात अर्थ नाही.

ते गाव माझं. माझी आई खामपुन तिथली सुईण होती. त्या गावात माझ्या वयाचं जे जे म्हणून चालतंबोलतं आहे, ते सगळं तिच्या हातावर जन्मलं. बाप लवकर गेला. तळ्याकाठचं एक शेत आणि चिंचेखालचं घर एवढं आमचं होतं. एका वर्षी तापाची साथ आली, पाठोपाठ माणसं गेली, त्यात बाळंतीण होती, तान्ही मुलं होती. विचियन तेव्हा नवा नवा गावचा मुखिया झाला होता आणि आमच्या शेतावर त्याचा डोळा होता. त्यानं लांबून एक भगत आणला. भगतानं घरोघर हुंगत फिरून आमच्या जिन्यापाशी काठी टेकवली आणि सांगितलं की खामपुन पॉब आहे. पॉब म्हणजे माणसाच्या अंगात दडून शेजाऱ्यापाजाऱ्यांची आतडी खाणारं भूत. एकदा तो शब्द माणसाला चिकटला की साबणानं जात नाही.

मग दगड आले. आम्ही दोघी तांदळाच्या कणगीमागे बसलो होतो आणि आई माझे कान दाबून धरत होती. पहाटे एका ऊसवाल्याच्या गाड्यावर बसून आम्ही गाव सोडलं. पुढची सगळी वर्षं आईनं दुसऱ्यांच्या उसात कोयता चालवला. तिच्या हातावर पुन्हा मूल जन्मलं नाही, कारण सुईण आहे असं तिनं कुणाला सांगितलंच नाही. मरताना तिनं एकच मागणं केलं. गावच्या विहाराच्या भिंतीत, तिच्या आईशेजारी, तिची हाडं ठेवावीत.

आमच्याकडे माणूस जाळलं की मूठभर हाडं राखून ठेवतात, विहाराच्या भिंतीत कोनाडा करून त्यात बसवतात आणि नवीन वर्षाला त्यांच्यावर सुवासिक पाणी घालतात. एवढंसं काम. मी प्रयूनला पाठवलं. प्रयून आमचा प्रोजेक्टरवाला, गाडी चालवणारा आणि माझ्या फिरत्या संसारात सख्ख्या भावासारखा माणूस. थोरल्या भंतेंची ना नव्हती, पण त्यांनी विचियनला विचारलं. विचियन एव्हाना कामनान झाला होता, म्हणजे आसपासच्या सगळ्या गावांचा मुख्य. त्यानं सभा भरवली. सभेनं सांगितलं, पॉबची हाडं आत आली तर पोरं आजारी पडतील.

हे ज्या गावानं सांगितलं त्याच गावामागच्या डोंगरात डायनासोरची हाडं निघाली आहेत. ती हाडं काचेच्या पेटीत आहेत, त्यांना झेंडूचे हार घालतात, लाल सरबत दाखवतात, त्यांच्याकडे लॉटरीचा आकडा मागतात. गावाच्या वेशीवर सिमेंटची लांब मानेची दोन जनावरं उभी केली आहेत. कोण कुठलं ते जनावर, त्यानं कुणाला खाल्लं, हे कुणी विचारलं नाही. माझ्या आईची मूठभर हाडं मात्र यांना जड झाली. त्या दिवसापासून तो झाकणाचा पितळी डबा गाडीत माझ्या बाकाखाली असायचा आणि माझ्या पोटात आग असायची.

मग त्या एप्रिलात विचियनच्या पोराची फौजेसाठी चिठ्ठी होती. लाल चिठ्ठी निघाली तर पोरगा पलटणीत जातो, काळी निघाली तर घरी येतो. विचियन पूता आजोबांना नवस बोलला. पूता म्हणजे गावाचा रखवालदार देव, वडाखालच्या लाकडी ठाण्यात राहणारा. काळी निघाली तर आजोबांना सिनेमा दाखवीन. काळी निघाली. नवसाचा सिनेमा आमच्या धंद्याची भाजीभाकरीच आहे. त्यात सगळ्यात पुढची चटई देवाची असते, तिच्यावर उकडलेली कोंबडी, दारूची बाटली आणि फुलं. माणसं मागे बसतात, नसली तरी चालतं. पण एकदा पडदा उजळला की शेवटापर्यंत थांबवायचा नाही. थांबवला तर देव अर्ध्या जेवणातून उठला असं होतं आणि बोललेला नवस उलटतो.

विचियननं डायनासोरचा सिनेमा मागवला. कार्टूनचा, घरच्या सगळ्यांनी बघण्यासारखा. गावाचं नाव आता त्या हाडांवर चालतं, त्यामुळे हाडांचाच सिनेमा. आमच्या मालकानं मला विचारलं, जाशील का, लहान मुलांचा आहे, आवाज पुष्कळ काढावे लागतील. मी म्हटलं, जाईन की.

रीळ मी आधी चालवून बघितलं. साधी गोष्ट होती. लांब मानेच्या जनावरांचा कळप, एक म्हातारी लांबमानी, तिची नात. तीन शिंगांचा एक बोजड गडी कळपाचा पुढारी. धरणीकंप होतो, दरड कोसळते, म्हातारी आणि नात कळपापासून तुटतात. वाटेत अंड्यातून बाळं निघतात. शेवटी म्हातारीला पाणी सापडतं आणि तहानलेला कळप तिच्यापाशी येतो. गळाभेट, गाणं, संपलं. मी बघत होते आणि मला दुसरीच गोष्ट ऐकू येत होती. तोंडं तीच हलणार होती, शब्द माझे असणार होते. सगळं सांगून झालं की शेवटच्या गाण्याआधी मी माझं नाव सांगणार होते. खामपुनची मुलगी. मग गावानं तोंड उघडून म्हणावं की खामपुन पॉब नव्हती. तेवढं एक वाक्य मला त्यांच्याकडून हवं होतं, आणि तिची हाडं त्या वाक्यासकट भिंतीत जायला हवी होती.

गावात मला कुणी ओळखलं नाही. मी गेले तेव्हा काटकुळी पोर होते, सगळे मला बेडकी म्हणायचे. आता अंगानं सुटलेली, ओठ रंगवलेली, जाहिरातीच्या कागदावर सायपिन असं नाव असलेली बाई होते. कामनाननं आम्हाला जेवायला घरी बोलावलं. घर कसलं, तळ्याकाठची माडी. आमच्या शेतातली. चिंच कापली होती, तिथं त्याची मोटार उभी होती. मी त्या जागेवर बसून चिकट भाताचे गोळे गिळले. त्याच्या बायकोनं, लमयनं, तीनदा आग्रह केला. बाई गरीब स्वभावाची होती, पोरगा सुटला म्हणून सारखे डोळे पुसत होती.

आवाजवाल्या बायका गावातल्या लोकांची नावं घेऊन सिनेमात चेष्टा करतात, ही आमची जुनी रीत. आपलं नाव घेतलं गेलं की माणूस वर्षभर मिरवतो. विचियन त्याला अपवाद नव्हता. दोन पेले पोटात गेल्यावर तो माझ्याकडे सरकला.

"सायपिनताई, त्या तीन शिंगवाल्याला माझा आवाज द्या. पुढारी आहे ना तो? गाव खूश होईल."

"तुमच्यासारखं बोलायला जमायला हवं, कामनान."

"त्यात काय अवघड? 'मी काय कुणाचं वाईट चिंततो का?' एवढं म्हटलं की शेंबडं पोरसुद्धा ओळखतं मला."

ते मला माहीत होतं. दगड पडत होते तेव्हा तो आमच्या जिन्याखाली उभा राहून हेच म्हणत होता.

अंधारून आलं तसं मैदान भरलं. डोंगराच्या पायथ्याची सगळी वस्ती आली होती, म्हाताऱ्या पुढे, पोरं त्यांच्या मांडीवर, सुकवलेले कालमार मासे भाजून विकणारा कडेला. विचियननं पांढरा सदरा घातला होता. त्यानं ठाण्यापुढे उदबत्त्या लावल्या आणि मग सगळ्यांना ऐकू जावं म्हणून माझाच माईक मागून घेतला. आजोबा, म्हणाला, माझ्या पोराला राखलंत, मी बोललो ते फेडतोय. पहिल्यापासून शेवटापर्यंत बघा. मध्येच मोडलं तर माझ्या घरातून वसूल करा. पाठी हलल्या, लोकांनी हात जोडले. मी माईक परत घेतला तेव्हा तो त्याच्या हातानं ओला झाला होता.

सिनेमा सुरू झाला. पहिली दहा मिनिटं मी त्यांना पोटभर हसवलं. तीन शिंगवाला पडद्यावर आला, घसा खाकरला आणि म्हणाला, मी काय कुणाचं वाईट चिंततो का? मैदान लोळलं. पोरं उठून उभी राहिली आणि तेच वाक्य ओरडायला लागली. विचियन मागे वळून माझ्याकडे बघत होता, दात दिसत होते. शिंगवाला चिखलात घसरला तेव्हा तर लमयसुद्धा तोंडावर हात धरून हसली. मी हसू दिलं. जितकं वर चढतील तितकं बरं, असा माझा हिशोब होता.

मग कळपात एक पिल्लू मरतं. मूळ सिनेमात ते फक्त हरवलेलं असतं. मी ते मारलं. शिंगवाला सगळ्यांना जमवतो, आणि माझ्या तोंडून, त्याच्या आवाजात तो म्हणाला, "पिल्लं का मरतात विचार करा. तळ्याकाठी कोण राहतं? अंड्यांना पहिला हात कुणाचा लागतो? मी काय कुणाचं वाईट चिंततो का?"

पोरं याही वेळी ओरडली. पण त्यांच्याबरोबर मोठी माणसं ओरडली नाहीत. पुढच्या ओळीतल्या म्हाताऱ्यांच्या पाठी एकदम सरळ झाल्या. एका बाईनं मांडीवरच्या मुलाच्या तोंडावर हात ठेवला. मी बोलत राहिले. म्हातारी लांबमानी म्हणाली, तुमची सगळ्यांची अंडी मीच राखली, तुम्ही मला ओळखत नाही का? कळप म्हणाला, मुखियानं भगत आणलाय, भगत खोटं कशाला बोलेल. पडद्यावर दरड कोसळायला लागली. मी रिळावरचा मूळ आवाज मोकळा सोडला, दगडांचा गडगडाट मैदानभर घुमला, आणि त्याच्यावरून मी सांगत गेले की हा दगड विहिरीजवळच्या घरातून आला, हा भाताच्या गिरणीतून आला, आणि हा त्या घरातून आला जिथं म्हातारीनं आडवं आलेलं पोर रात्रभर जागून सोडवलं होतं.

आता मैदानात कालमार भाजल्याचा चरचराट तेवढा ऐकू येत होता. विचियन उठला आणि वाकून वाकून माझ्याकडे आला. पांढऱ्या सदऱ्यावर पडद्याचा उजेड नाचत होता.

"हे सिनेमात आहे?"

मी माईकवर हात ठेवला. "आहे की. परमुलखातही असली जनावरं असतात, कामनान."

"बंद कर."

"करते. फक्त आजोबांना तुम्ही सांगा."

तो जनरेटरकडे वळला. प्रयून जागेवरून हलला नाही, त्याला हलायची गरजच पडली नाही. लमय धावत आली आणि तिनं नवऱ्याची बाही धरली. माझ्या लेकाचा नवस आहे, म्हणाली, तुम्ही तुमच्या तोंडानं सांगितलंत माझ्या घरातून वसूल करा म्हणून, हात लावून बघा त्या यंत्राला. ती एवढ्या मोठ्यानं बोलली की पाठी वळल्या आणि पहिल्यांदाच मला त्यांची तोंडं दिसली. विचियन तसाच माघारी गेला आणि सगळ्यांच्या मध्ये बसला. कुणाच्या मानेवरून घाम ओघळताना बघून एवढं सुख होतं हे मला तोवर माहीत नव्हतं.

मी तिथं थांबायला हवं होतं. म्हणजे ठरवलं होतं तेवढंच सांगत पुढे जायला हवं होतं. पण मग अंड्यांचा प्रसंग आला. पावसात म्हातारी लांबमानी एका तडकलेल्या अंड्याशेजारी बसते आणि आत अडकलेल्या पिल्लाला चुचकारते. मी तोंड उघडलं आणि माझा आवाज निघालाच नाही. निघाला तो आईचा. आयुष्यभरात हजार आवाज काढले, तो एक कधी काढला नव्हता, तो माझ्यात आहे हेही मला ठाऊक नव्हतं. अडलेल्या बाईच्या उशाशी बसून ती जसं म्हणायची तसं, जरा घोगरं, खालच्या पट्टीत, शब्द लांबवत.

"ये रे सोन्या. वाट दिसतेय ना? मी आहे इथं. घाई नाही. मी कुठं जात नाही."

मैदानातल्या प्रत्येक म्हातारीनं ते शब्द आडवं पडून, दात खाऊन ऐकलेले होते. पुढच्या ओळीतून बुन्लुआ आजी उठली. आमची शेजारीण. तिच्या पाच बाळंतपणांत आईनं तिचा हात धरला होता आणि त्या रात्री तिच्या दारातून दगड आला होता. म्हातारीला नीट उभं राहता येत नव्हतं, शेजारणीच्या खांद्याला धरून ती उभी राहिली आणि पडद्याकडे बोट केलं.

"खामपुन आली."

कुणी किंचाळलं नाही. कुणी पळालं नाही, पळणार कसे, नवस होता. सगळं मैदान तिथल्या तिथं खाली वाकलं. शेकडो हात जोडले गेले. पडद्यावर लांब मानेचं जनावर पावसात भिजत होतं आणि गाव त्याच्या पाया पडत होतं. पोरं हसायला गेली तर त्यांच्या डोक्यावर चापट्या बसल्या. बायका पुटपुटायला लागल्या. मला वाटलं माफी मागताहेत. मी कान देऊन ऐकलं. आम्हाला खाऊ नकोस, असं म्हणत होत्या. आमच्या पोरांना खाऊ नकोस, आम्ही लहान होतो, आम्हाला नेऊ नकोस.

विचियन गुडघ्यांवर रांगत पुढे गेला आणि देवाच्या चटईपाशी कपाळ टेकवून राहिला.

प्रयून माझ्या कानाशी आला. "सांगून टाक तू कोण ते. आत्ताच."

मी सांगितलं असतं तर काय झालं असतं, ते मला दिसत होतं. आधी सगळे माना वर करून बघतील. मग कुणीतरी हसेल. बेडकी का ही, खामपुनची बेडकी, केवढी झाली. मग विचियन उठून सदरा झटकेल, आणि उद्या पुन्हा सभा भरवेल. भीती गेली की या गावात माझ्या आईसाठी काहीच उरत नव्हतं. आणि मी सांगितलं नसतं तर? म्हातारी लांबमानी पडद्यावर मान वर करून समोर बघत होती. चेहऱ्यानं अख्खा पडदा भरला होता. एक संधी मी त्यांना दिली, खरंच दिली. आईच्याच आवाजात मी विचारलं.

"विचियन, सांग. मी कोण?"

सुईण आहेस, एवढं म्हणाला असता तरी मी माईक ठेवून त्याच्यापुढे जाऊन उभी राहिले असते. आमच्या गावची खामपुन आहेस, म्हणाला असता तरी चाललं असतं. त्यानं कपाळ मातीतून उचललं. चेहरा रडून चिखलानं माखला होता, आणि तो अगदी मनापासून बोलला.

"तू पॉब आहेस, आई. या मुलखातली सगळ्यात मोठी. आम्ही कमी समजलो तुला."

मागून सगळं गाव हो म्हणालं.

माझ्या डोक्यात काहीतरी तुटलं. एवढी वर्षं जपलेला राग एका दमात बाहेर यावा तसा आवाज आला, आईचाच, पण आई असं कधीच बोलली नव्हती. मी म्हटलं, मग ऐक. माझी हाडं आण. मोटारीतून नको, अनवाणी, डोक्यावर घेऊन, दिवसाउजेडी आण. ज्या घरातून दगड आला त्या घरातला माणूस तुझ्या मागून चालेल. माझ्या आईशेजारी मला ठेवा. आणि तळ्याकाठच्या माडीत पुन्हा दिवा लागला तर मी जेवायला येईन.

लमय तिथंच कोसळली. तिच्या पोरानं तिला सावरलं, काळ्या चिठ्ठीच्या त्या पोरानं. त्याच्याशी माझं काहीच वैर नव्हतं. तरी मला दया आली नाही, हे इथं सांगून टाकते.

शेवटचं गाणं मी मूळ आवाजातच सोडलं. जनावरं एकमेकांच्या गळ्यात पडली, पाणी प्यायली. नवस फिटला. कुणी टाळी वाजवली नाही, चटया न गुंडाळताच लोक घरी गेले.

सकाळी विचियन गाडीपाशी हजर. एका रात्रीत माणूस निम्मा झाला होता. रात्री भंतेंनी त्याला सांगितलं होतं; हाडं ठेवायची विनंती घेऊन आलेला तूच ना, म्हणून त्यानं प्रयूनला विचारलं, आणि अक्षरशः पाय धरले. प्रयूननं तोंड पाडून सांगितलं की हाडं त्या बाईच्या नातलगांकडे आहेत, लांब आहे, पण बघतो. मग आम्ही गाडी घेऊन मोठ्या रस्त्यापर्यंत गेलो, तिथं दोघांनी नूडल्स खाल्ल्या, प्रयूननं रुमालानं डबा पुसून चकचकीत केला आणि आम्ही परत आलो. खाताना तो हसत होता. मीही हसले. ते खाणं मला फार गोड लागलं.

मग मी माझ्या डोळ्यांनी बघितलं. कामनान विचियन, तापल्या डांबरावरून अनवाणी, डोक्यावर माझी आई. मागे विहिरीजवळचं घर, भाताच्या गिरणीचं घर, बुन्लुआ आजीला तिच्या नातवानं पाठुंगळीला घेतलेलं. सिमेंटच्या दोन जनावरांमधून मिरवणूक आत गेली. भंतेंनी मंत्र म्हटले. माझ्या आजीच्या हाडांशेजारी कोनाडा खोदला होता, तिथं डबा बसवला, सिमेंट लिंपलं. हार एवढे आले की भिंत दिसेना. माडीतलं सामान दुपारीच निघायला लागलं होतं. सूड म्हणतात तो असाच असतो का, तर असाच असतो, आणि तो मिळाला की अंग हलकं होतं. कुणी तसं नाही म्हणत असेल तर त्याला तो मिळालेला नाही.

बायकांनी मला विहाराच्या पायरीवर बसवलं. परक्या बाईच्या तोंडातून भूत बोललं, बिचारीचा जीव अंगातून उडाला असेल, म्हणून तो परत बोलवायला त्या माझ्या मनगटाला पांढरा दोरा बांधत होत्या. एकीमागून एक आली. बुन्लुआ आजीनंही बांधला. बांधताना म्हणाली, "घाबरू नकोस पोरी. तुझा काही दोष नाही. तिनं फक्त तुझं तोंड वापरलं." तिचे हात आईच्या सुईण असतानाच्या हातांसारखेच मऊ होते. माझं मनगट दोऱ्यांनी भरलं आणि मी मान खाली घालून बसून राहिले.

ऊन उतरल्यावर गर्दी पांगली आणि मी एकटी भिंतीपाशी गेले. मला तिच्याशी बोलायचं होतं, घरी आणलं बघ तुला, असं काहीतरी. तिथं एक तरुण बाई चार वर्षांच्या मुलीला घेऊन उभी होती. त्या दगडांच्या वेळी ही बाई स्वतःच रांगत असेल, हिला ती रात्र आठवायचं कारण नाही. मुलगी आईच्या मागे लपत होती आणि तिला फूल ठेवायचं नव्हतं. बाईनं तिला दंडाला धरून पुढे ओढलं.

"हात जोड. ही सगळ्यात मोठी पॉब आहे. नाही जोडलेस तर रात्री येऊन आतडी खाईल."

मुलीनं हात जोडले आणि डोळे गच्च मिटून घेतले. मग त्या बाईनं माझ्याकडे बघितलं, जरा हसली, आणि विचारलं, "तुमच्याच तोंडून बोलली ना ती? खरंच तसली होती का हो?"

भिंतीचं सिमेंट अजून ओलं होतं. मी एक शब्द खरा बोलले असते तर संध्याकाळच्या आत त्यांनी ते खरवडलं असतं आणि डबा पुन्हा माझ्या बाकाखाली आला असता.

"हो," मी म्हटलं. "तसलीच होती."